पुन्हा मांडलेला संसार

सामान बांधणे ही एक कला आहे, असे पुष्कळांना वाटते. आणि त्या कलेत निपुण अशी एकदोन माणसे प्रत्येक घराण्यात असतातच. बदलीच्या गावी निघालेला सबंध संसार पाच ट्रंकांत आणि दोन वळकट्यांत बसवणारे काका, किंवा पातेल्यात पातेले, त्यात वाट्या आणि वाट्यांच्या पोटात जिऱ्यामोहरीच्या पुड्या कोंबून बोटबोट जागा वसूल करणाऱ्या मावशी, यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तोच संसार परक्या गावी, अनोळखी जागेत, दिवेलागणीच्या आत पुन्हा मांडून दाखवणाऱ्या माणसाची गोष्ट कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. वास्तविक खरी परीक्षा तिथेच असते. ट्रंकेचे झाकण बसले की बांधणाऱ्याचे काम संपते. उघडणाऱ्याला मात्र आधी स्टोव्ह सापडावा लागतो, मग काडेपेटी, मग भांडे, मग चहासाखर. आणि ह्यातली एक वस्तू जरी भलत्या ट्रंकेच्या तळाशी गेलेली असली, तरी बाकीच्या साऱ्या वस्तू असून नसल्यासारख्या होतात.

तीस वर्षे एका बँकेच्या संगणक विभागात काढल्यामुळे माझ्या डोक्यात हा विचार जरा अधिकच घोळत असतो. आमच्या धंद्यात ट्रंक बांधण्याला ‘बॅकअप घेणे’ म्हणतात आणि संसार पुन्हा मांडण्याला ‘रिस्टोअर करणे’. बॅकअप घेतला का, हा प्रश्न साहेब रोज विचारीत. रिस्टोअर करून पाहिला का, असे विचारणारा साहेब तीस वर्षांत एखादाच भेटला. “त्यात नवल ते काय?” आमची सौ. म्हणते. “लोणचे घातले का, असे घरातले सगळे विचारतात. बरणी उघडून पाहिली का, असे कोण विचारतो?” तिच्या ह्या उपमेत सुधारणा करणे मला आजवर जमलेले नाही.

निवृत्तीनंतर मी आमच्या तालुक्याच्या गावी येऊन राहिलो आणि येथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर, दुसरे कोणीच उभे न राहिल्यामुळे, बहुमताने निवडून आलो. वाचनालय जुने आहे. तीस हजारांवर पुस्तके आहेत. त्यांची सूची पूर्वी कार्डांवर होती. पुढे ती संगणकावर आली, ‘कोहा’ नावाच्या प्रणालीत. ह्या कोहाची कुळकथा मोठी गोड आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी ती तयार झाली, २००० साली वापरात आली आणि करणाऱ्यांनी ती साऱ्या जगाला मोकळी करून दिली. ‘कोहा’ हा माओरी शब्द. त्याचा अर्थ भेट, पाहुण्याने यजमानाकडे नेलेला अहेर. तिच्या पोटातला माहितीसाठा सांभाळते ‘मारियाडीबी’ किंवा तिची थोरली बहीण ‘मायएस्क्यूएल’. बहीण हा शब्द मी उगीच वापरलेला नाही. फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांनी १९९५ साली आलेल्या प्रणालीला आपल्या थोरल्या मुलीचे, ‘माय’चे, नाव दिले आणि २००९ साली निघालेल्या दुसरीला धाकट्या मारियाचे. आपल्याकडे पिठाच्या गिरणीला मुलीचे नाव देतात, त्यातलाच हा प्रकार.

कार्डांवरची सूची ह्या संगणकात आणली ती आमच्या जुन्या ग्रंथपालांनी. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्याचे व्हायचे, अशा अवस्थेत रोज दुपारी दोन ते पाच बसून सहा वर्षांत त्यांनी पुस्तकन्‌पुस्तक नोंदवले. नोंदवताना त्यांनी एक गोष्ट अशी केली की जी त्यांना कोणीच सांगितलेली नव्हती. देणगी म्हणून आलेल्या पुस्तकांत आतल्या पानावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. कोणी आईच्या स्मरणार्थ दिलेले, कोणी मुलाच्या मुंजीनिमित्त, कोणी दुखण्यातून उठल्याबद्दल. त्या चिठ्ठ्यांचा मजकूर गुरुजींनी ‘टीप’ ह्या रकान्यात जसाच्या तसा उतरवला. पुढे पुस्तके नव्या बांधणीला गेली, पुठ्ठ्याआतले कागद बदलले, चिठ्ठ्या गेल्या. मग गुरुजीही गेले. तो मजकूर आता पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी उरला होता, वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या संगणकात.

त्या संगणकाची डिस्क आषाढातल्या एका बुधवारी पहाटे गेली. रात्रभर विजा कडाडत होत्या, दिवे येत होते नि जात होते. सकाळी ग्रंथपालबाईंनी बटण दाबले तेव्हा आतून टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला. डिस्क बोलू लागली की तिचे दिवस भरले असे समजावे.

ह्या बाई गुरुजींच्याच हाताखाली तयार झालेल्या. दर शनिवारी संध्याकाळी, दाराला कुलूप लावण्याआधी, बॅकअपची दोन गाठोडी एका पेनड्राइव्हवर उतरवायची, हा गुरुजींनी घालून दिलेला नेम त्यांनी कधी चुकवला नव्हता. एका गाठोड्यात सारा माहितीसाठा, दुसऱ्यात कोहाच्या मांडणीच्या फायली. पेनड्राइव्ह कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलेली असे. परंतु ती माझ्या हाती येण्याआधी बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आली होती. तिथल्या मुलाने, मदत करण्याच्याच हेतूने, दोन्ही गाठोडी सोडली, आतल्या फायली बाहेर मांडल्या आणि जागा अडते म्हणून मूळ गाठोडी पुसून टाकली. मग त्याने एक फाइल उघडून पाहिली, तो मराठीच्या जागी टोप्या घातलेली, डोक्यावर टिंबे दिलेली कसलीतरी रोमन अक्षरे! “डेटा करप्ट आहे,” असे त्याने बाईंना सांगितले. वाईट बातमी सांगायला इंग्रजी शब्द फार सोयीचे पडतात. ‘गुरुजींची सहा वर्षे नासली’ असे मराठीत सांगायचा धीर त्याला झाला नसता.

कोहात हे काम करणारी एक तयार आज्ञा आहे. दोन्ही बंद गाठोडी तिच्या हवाली केली की ती सारा संसार आपण होऊन मांडते. पण तिला गाठोडी बंदच लागतात. सुटलेल्या सामानाला ती हात लावीत नाही. सामान पुन्हा बांधून तिच्यापुढे ठेवता आले असते, पण आत काय आहे हे न पाहता बांधणे मला प्रशस्त वाटेना. शिवाय ‘जीझिप’ने बांधलेल्या फायलीच्या शेवटी आतल्या मजकुरावरून काढलेला एक ताळा असतो, सोडताना तो जुळला नाही तर संगणक लगेच ओरडतो. गाठोडे पुसले गेले तेव्हा तो ताळाही गेला. मजकूर पुरता आहे की अर्धवट, हे आता आपले आपणच ओळखायचे होते. म्हणजे एकेक वस्तू हाताने लावणे आले.

पहिले काम केले ते पेनड्राइव्हची प्रत काढण्याचे. मूळ पेनड्राइव्ह बाईंच्या हाती दिली आणि कपाटात ठेवून द्यायला सांगितली. जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. दुसरे काम केले ते फाइल शेवटून वाचण्याचे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. लेखनिकाचे नाव, शके, तिथी, गाव, आणि ‘जसे पाहिले तसे उतरवले, दोष माझ्या माथी मारू नका’ अशा आशयाची विनवणी. पोथी पुरी आहे का, हे पाहणारा जाणता माणूस आधी शेवटचे पान उलटतो. माहितीसाठ्याच्या उताऱ्यालाही अशीच एक पुष्पिका असते. अगदी तळाशी, ‘उतारा पूर्ण झाला’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आणि पुढे तारीख-वेळ. ती ओळ असेल तर लिहिणारा मध्येच उठून गेलेला नाही. मी तळाशी गेलो. ओळ होती. शनिवारची तारीख, संध्याकाळचे सात वाजून चार मिनिटे. बाईंनी ती स्वतः वाचली, आणि सकाळपासून उभ्या होत्या त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

अशा उताऱ्याच्या आत काय असते, हे सांगितले तर घरच्या मंडळींना गंमत वाटेल. आत वाचनालय नसते. वाचनालय कसे उभारावे ह्याच्या सूचना असतात. ‘अमुक नावाचा तक्ता आखा, त्याला इतके रकाने ठेवा. आता त्यात ह्या ओळी भरा.’ मग पुढचा तक्ता. पाककृतीच्या वहीत लाडू नसतात, तसेच हे. तक्ते एकमेकांशी नात्याने बांधलेले असतात: देवघेवीची प्रत्येक नोंद कोणत्यातरी सभासदाची आणि कोणत्यातरी पुस्तकाची असते. सभासदच नसेल तर त्याच्या नावावर वर्गणी कशी मांडणार? पण उताऱ्यात तक्ते येतात ते इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, त्यामुळे पैशांच्या नोंदी आधी येतात आणि ज्यांनी ते पैसे द्यायचे ते सभासद मागाहून. ह्यावर तोड म्हणून उताऱ्याच्या प्रारंभीच एक आज्ञा असते: नातीगोती तपासणे तूर्त बंद ठेवा. लग्नघरी पहिल्या पंगतीला हे असेच चालते. कोण वराकडचे, कोण वधूकडचे, हे कोणी विचारीत नाही. सगळे पानावर बसले की मग ओळखी निघतात. शेवटी तपासणी पुन्हा सुरू करण्याची आज्ञा असते. म्हणूनच असा उतारा मध्येच तुटलेला असला तर तो धोक्याचा. पंगत बसलेली दिसते, पण यजमानाचा पत्ता नसतो.

राहिला प्रश्न त्या टोपीवाल्या अक्षरांचा. सध्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. फाइल उघडणाऱ्या प्रणालीने जर पाश्चात्त्य अक्षरांची जुनी कोष्टके लावली, तर ती एकेका बाइटला वेगळे अक्षर समजते आणि आपल्या एका ‘म’ची तीन सोंगे पडद्यावर नाचू लागतात. फाइल बिघडलेली नव्हती. तिच्यावर धरलेला चष्मा दुसऱ्याचा होता. योग्य चष्मा लावला आणि पडद्यावर स्वच्छ मराठी उमटले. दुकानातला तो मुलगा कुतूहलाने बघायला आला होता. तो हे पाहून इतका खूश झाला की पुढचे दोन दिवस त्याने दुकानाकडे फारसे लक्षच दिले नाही.

मग दुकानातून आणलेल्या एका जुन्या संगणकावर नवा कोहा बसवला, आणि त्यात एक रिकामा माहितीसाठा तयार केला. त्याचे नाव काय होते, त्याला कोणत्या नावाने उघडत, परवलीचा शब्द कोणता, हे सारे गुरुजींनी ठरवलेले आणि गुरुजींबरोबर गेलेले. पण दुसऱ्या गाठोड्यातून निघालेल्या मांडणीच्या फायलींत ते सारे लिहिलेले सापडले. ट्रंकेची किल्ली ट्रंकेतच, असे म्हणून आपण एरवी हसतो. तिथे गाठोडे सुटलेले होते म्हणून किल्ली लगेच हाती लागली. देवनागरी नीट राहील अशी अक्षरपद्धती ठरवून दिली, परवानग्या दिल्या आणि उतारा ओतण्याची आज्ञा दिली.

ह्या आज्ञेचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. काही बिनसले तर ती बोलते. सारे सुरळीत चालले असेल तर चकार शब्द काढीत नाही. पडद्यावर नुसती चौकट लुकलुकत राहते. सात-आठ मिनिटे आम्ही तिघे त्या चौकटीकडे बघत बसलो होतो.

शांततेचे मला भय वाटते ते उगीच नव्हे. ३१ जानेवारी २०१७ ला ‘गिटलॅब’ ह्या मोठ्या कंपनीत एका अभियंत्याने थकव्याच्या भरात भलत्याच यंत्रावरचा माहितीसाठा पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, आणि ऐन वेळी एकही धड कामाला येईना. रोजचा उतारा घेणारी आज्ञा आवृत्ती न जुळल्यामुळे गुपचूप अपयशी होत होती, आणि ते अपयश कळवणारी टपाले वाटेतच नाकारली जात होती. अखेर सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने लाज राखली. त्या कंपनीचा मोठेपणा असा की तिने हे सारे स्वतःच जगाला सांगितले. दुसरी गोष्ट मुलांना आवडेल अशी. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना, १९९८ साली, एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप काढून पाहिले तर तोही अपुरा. गॅलिन सुसमन ह्या बाई तान्ह्या मुलासाठी घरून काम करीत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून मोटारीच्या मागच्या आसनावरून, बाळंतिणीला जपावे तसा, स्टुडिओत आणला गेला. लोक ही गोष्ट इथेच संपवतात. खरे तर त्यानंतर माणसांनी रात्रंदिवस बसून हजारो फायली डोळ्यांनी तपासल्या, तेव्हा कुठे चित्रपट वाचला.

आमची चौकट काही न बोलता थांबली. आता मोजदाद. दाखल नोंदवही कागदाचीच आहे, हे आमचे भाग्य. नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, त्यातून बाद झालेली पुस्तके वजा, आणि पडद्यावरचा आकडा. चारांचा फरक निघाला. बाईंनी नोंदवहीचे शेवटचे पान पाहिले: चार पुस्तके सोमवारी दाखल झालेली. शनिवारच्या बॅकअपला सोमवार ठाऊक नसणारच. फरकाचे कारण सापडले की फरकही विश्वासाचा होतो.

तरी बाईंनी शोधाच्या चौकटीत पुस्तकाचे नाव घातले, तर उत्तर आले: काहीही सापडले नाही. दुसरे नाव घातले, तेच. बाईंचा चेहरा उतरला. पण नोंदीचा क्रमांक दिला की पुस्तक दिसे. ह्याचे कारण असे, की कोहा शोध घेते ती थेट तक्त्यांत नव्हे, तर ‘झेब्रा’ नावाच्या वेगळ्या अनुक्रमणिकेत; आणि ती अनुक्रमणिका उताऱ्यात येत नाही, नव्याने रचावी लागते. तीस हजार पुस्तके घरात आली होती, पण एकीलाही हाक मारली तर ओ देत नव्हती. अनुक्रमणिका रचण्याची आज्ञा दिली. ती संपल्यावर बाईंनी पुन्हा नाव घातले. ह्या वेळी त्यांनी कोणते पुस्तक निवडले हे मी पाहिले नव्हते. पडद्यावर नोंद आली. तिच्या खाली गुरुजींची टीप होती: ‘मुलगी सातवीत पहिली आली म्हणून. एस.टी. डेपोतील एक कामगार.’

“गुरुजींनी नाव नाही घातले,” बाई म्हणाल्या. “दादांनीच नको म्हटले होते.” एवढेच बोलून त्या दिवा लावायला उठल्या. दिवा आधीच लागलेला होता.

सोमवार-मंगळवारची देवघेव मात्र गेली ती गेलीच. रविवार सुट्टीचा. बाईंनी दारावर पाटी लावली: ‘ह्या दोन दिवसांत पुस्तक नेणाऱ्यांनी किंवा परत करणाऱ्यांनी कृपया कळवावे.’ मला फारशी आशा नव्हती. पण चार दिवसांत माणसे येत राहिली. कोणी सायकल बाहेर टेकवून आतल्याआत ओरडून सांगितले, कोणी पुस्तकच पिशवीतून काढून दाखवले. आठवीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, “बाई, मंगळवारी माझे पाच रुपये दंड लिहिला होता. तो आता नसेल ना?” बाई म्हणाल्या, “नाही.” तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, “लिहा मग.” जे यंत्राला आठवत नव्हते ते गावाला आठवत होते. शेवटी एका पुस्तकाचा तेवढा हिशेब लागेना. ते वाचकाच्या घरी नसून फळीवर, आपल्या जागी, मुकाट्याने उभे असलेले सापडले.

हाताने पुन्हा उभे करण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरत गेली आणि प्रत्येक उताऱ्याबरोबर पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या पोथ्या ताडून पाहायला घेतल्या; चिकित्सित आवृत्ती पुरी झाली १९६६ साली. त्या कामात पिढी संपून दुसरी लागली. पोथ्या तर ह्याआधीही फडक्यांत बांधलेल्या होत्याच. कोणी त्या सोडून, शेजारी शेजारी मांडून, ओळीला ओळ लावून पाहिल्या म्हणून ग्रंथ मिळाला. जपून ठेवणे आणि जिवंत ठेवणे ह्यांत अंतर आहे ते एवढेच, आणि ते माणसाच्या बैठकीनेच तुटते.

आता वाचनालयात एक नवा नेम सुरू झाला आहे. वर्षातून एकदा, कोजागरीनंतरच्या रविवारी, तो जुना संगणक बाहेर काढायचा, पुसून रिकामा करायचा, आणि शनिवारच्या गाठोड्यांवरून सारे वाचनालय त्यावर पुन्हा उभे करायचे. बंद गाठोडी घेऊन तयार आज्ञेने एकदा, आणि सोडलेल्या गाठोड्यांवरून हाताने एकदा. मी शेजारी बसतो, पण बोट लावीत नाही. दुकानातला मुलगा मात्र न चुकता येतो. बाईंनी एका दोनशेपानी वहीत सगळ्या पायऱ्या आपल्या अक्षरात, मराठीत, लिहून काढल्या आहेत: प्रत काढणे, शेवटची ओळ पाहणे, अक्षरपद्धती, रिकामा साठा, उतारा ओतणे, न घाबरणे, मोजणे, अनुक्रमणिका. शेवटच्या पायरीला क्रमांक आहे आणि पुढे नुसते ‘दादांचे पुस्तक’ एवढे दोन शब्द आहेत. यंदा वही दुकानातल्या मुलाच्या हाती होती. त्या शब्दांशी तो अडला आणि त्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी त्याला पुस्तकाचे नाव सांगितले. त्याने ते एकेक अक्षर जपून टंकले.